नीलाबाईची साखर

माझी बायको बरी होऊ लागली तेव्हा मला वाईट वाटलं. हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. पण नीलाबाईबद्दल सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागेल, कारण बाकीचं सगळ्यांना माहीत आहे. कनेरगाव नाक्यावर कुणालाही विचारा, प्रेमदास हॉटेलवाल्याची बायको तीन वर्षं अंथरूण धरून होती आणि त्यानं तिची सेवा केली, एवढं तो सांगेल. पुढचं मी सांगतो.

आमचं हॉटेल म्हणजे हिंगोली-वाशीम रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, चार बाकडी आणि गॅसची एक मोठी भट्टी. मागं दोन खोल्या, त्यात आम्ही राहतो. चहा माझा आणि भजे नीलाबाईचे, अशी वाटणी लग्नानंतर तांडा सोडून इथं आलो तेव्हापासूनची, म्हणजे सव्वीस वर्षांची. ती पुसेगावकडच्या तांड्यातली. उंच, दणकट, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या ट्रकवाल्याला इथूनच विचारायची, किती प्लेट लावू? एका जीपवाल्यानं एकदा भजे शिळे आहेत म्हटलं. तिनं त्याला कढईपाशी उभं केलं, त्याच्यासमोर नवा घाणा काढला, पोटभर खाऊ घातलं आणि वर चार शब्द ऐकवले. तो पुढं कित्येक वर्षं येत राहिला. दुपारची झोप तिला माहीत नव्हती. चहा मात्र तिनं कधी केला नाही. सकाळचा पहिला कप मी तिच्या हातात द्यायचा, हे ठरलेलं होतं आणि त्यात मला मोठेपणा वाटायचा.

आमची एकुलती एक पोरगी दिपा लग्न होऊन पुण्याला गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात नीलाबाईचं बिनसलं. लग्नामुळं असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. आधी भजे करपू लागले. मग ती कढईपुढं झारा घेऊन नुसती उभी राहू लागली. मग एक दिवस उठलीच नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. लोकांनी आधी आळस म्हटलं, मग बाहेरचं म्हटलं. माझी बहीण रूपाबाई तांड्यावरून येऊन लिंबू उतरवून गेली. असे दोन महिने वाया घालवून मी तिला हिंगोलीला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी डिप्रेशन म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या.

गोळ्यांनी रडणं थांबलं, झोप लागू लागली, भूक तर फारच लागू लागली. पण जुनी नीलाबाई काही परत आली नाही. वर्षानं गोळी बदलली, त्यानंतर पुन्हा एकदा बदलली. ती जाड होत गेली. न्हाणीपर्यंत जाऊन यायची तर धाप लागायची. कुणी हसवलं तरी चेहऱ्यावर काही उमटायचं नाही.

त्या तीन वर्षांत मी काय नाही केलं? तिची वेणी घातली, लुगडी धुतली, भजे बंद पडले तर तेही रडतखडत शिकलो. आणि चहा. दिवसातून पाच वेळा, कधी सहा वेळा. भाजी-भाकरीला ती कुरकुर करायची, पण माझा चहा आणि त्यात बुडवलेले टोस्ट तिनं कधी नको म्हटले नाहीत. दोन चमचे साखर, दिवस वाईट असला तर तीन. बोलायचीही ती फक्त माझ्याशी, आमच्या तांड्याच्या बोलीत, तेही दोन-चार शब्द. दुसरं कुणी आत आलं की डोळे मिटून घ्यायची.

लोक माझं कौतुक करायचे. ड्रायव्हर बाकड्यावर बसून एकमेकांना सांगायचे, असा नवरा बघितला नाही. गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझा दाखला द्यायच्या. रूपाबाईनं तर सगळ्या तांड्यात मला देव करून टाकलं होतं. मी वरवर नको नको म्हणायचो, पण गल्ल्यावर बसलो की तेच मनात घोळवायचो. त्याआधी उभ्या आयुष्यात, चहा चांगला आहे, यापलीकडं मला कुणी काही म्हटलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्या दवाखान्यात एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. वयानं दिपापेक्षा पाच-सात वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि गोळी बदलायच्या आधी टेलरकडं असते तशी टेप काढून नीलाबाईची कंबर मोजली. वजन केलं, बीपी बघितलं आणि उपाशीपोटी रक्त तपासून आणायला सांगितलं. रिपोर्टात साखर एकशे अडुसष्ट, तीन महिन्यांची सरासरी सांगणारा दुसरा आकडा, जो सहाच्या आत हवा, तो साडेआठच्या घरात आणि रक्तातली चरबीही वाढलेली. मी म्हटलं, बाई, आम्ही मनाच्या दुखण्यासाठी आलो आहोत.

"मन काय शरीराच्या बाहेर राहतं का?" त्या म्हणाल्या. "साखर आणि वजन बिघडलेलं असलं की पुष्कळ जणांना मनाच्या गोळ्या नीट लागू पडत नाहीत. शिवाय यातल्या काही गोळ्यांनीच भूक आणि वजन वाढतं. साखर उतरली की मन बरं होईलच, असा शब्द मी देत नाही. पण दोन्ही एकदम धरून बघू."

मग त्यांनी विचारलं, चहा किती होतो? मी कौतुकानं सांगितलं, पाच-सहा कप, मी स्वतः करून देतो. साखर? दोन चमचे, कधी तीन. त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं, पण त्यांना माझी कीव आली. त्या म्हणाल्या की तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, तुमची चूक नाही. मला ते चांगलंच झोंबलं.

मनाची गोळी बदलली, सोबत साखरेची गोळी सुरू झाली. रोज अर्धा-पाऊण तास चालायचं, टोस्ट-बिस्किट बंद, भाकरी, डाळ, पालेभाजी, आणि चहा बिनसाखरेचा. मी तो करून दिला. पण पंचवीस वर्षं भट्टीपुढं उभ्या राहिलेल्या माणसाला बिनसाखरेचा चहा करायला लावणं म्हणजे त्याचा हात बांधणंच. नीलाबाई तो औषधासारखा गिळायची आणि कप बाजूला सारायची.

चालायला तिला कोण नेणार, हा प्रश्न होता. मला सकाळी भट्टी सोडता येत नाही. समोर अजीजचं पंक्चरचं दुकान आहे. त्याची बायको हलीमा दहा वर्षांपासून साखरेची पेशंट, घरी तपासायचं मशीन बाळगणारी. तिला कळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ आमच्या खोलीत शिरली. मी म्हटलं, ती उठायची नाही, माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. हलीमानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या चपला तिनं नीलाबाईच्या पायाशी आणून ठेवल्या आणि म्हणाली, चल, मला एकटीला कुत्र्यांची भीती वाटते. नीलाबाई उठली. मी तीन वर्षं विनवण्या करत होतो, आणि ती कुत्र्यांच्या नावावर उठली.

पहिल्या दिवशी त्या शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आल्या. महिन्यानं पेट्रोल पंपापर्यंत, दोन महिन्यांनी त्याच्याही पुढं. हलीमा दर दोन दिवसांनी तिच्या बोटाला सुई टोचायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायची. एकशे साठ, एकशे बेचाळीस, एकशे तीस. लुगड्याच्या निऱ्या जास्त पडू लागल्या. एक दिवस सकाळी मी भट्टीपाशी होतो आणि रस्त्यावरून हसण्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही, मला वाटलं दुसरीच कुणी बाई आहे. ती नीलाबाई होती.

आनंद व्हायला हवा होता. मी जळलो. काय बोलत होता गं, मी विचारलं, तर म्हणाली, कायबी न्हाई. चाळीस मिनिटं चालून येणाऱ्या दोन बायका काही बोलत नाहीत होय? हलीमाशी ती मराठीत बोलायची, अजीजशी हिंदीत, दूधवाल्याशी, कंडक्टरशी, ज्याच्यात्याच्याशी बोलायची. माझ्या वाट्याला उरलं ते, गोळी घेतली, आणि, दार लावून घ्या. ड्रायव्हर आता म्हणू लागले, वहिनी एकदम ठणठणीत झाल्या, हलीमाभाभीनं कमाल केली. हलीमाभाभीनं! वेणी कुणी घातली, लुगडी कुणी धुतली, ते सगळे विसरले. ती स्वतः वेणी घालू लागली होती. मी फणी उचलली तर माझ्या हातातून काढून घ्यायची.

एका दुपारी चारच्या चहाला मी तिच्या कपात अर्धा चमचा साखर टाकली. ठरवून टाकली. हात चुकला असं मी म्हणणार नाही. तिनं पहिला घोट घेतला, जरा थांबली, मग सगळा कप सावकाश संपवला आणि म्हणाली, आज चांगला झालाय. कित्येक महिन्यांनी ती माझ्या चहाला काही बोलली होती. मी रात्रीपर्यंत शीळ घालत होतो. दुसऱ्या दिवशी एक चमचा टाकला, आठवड्यात दोनवर आलो. मग सकाळच्या कपातही, जेवणानंतरच्या कपातही. तिला चव कळत नसेल, गोळ्यांनी जीभ मेली असेल, अशी मी माझी समजूत घातली.

कॅलेंडरवरचे आकडे परत चढू लागले. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे साठ, एकशे एकाहत्तर. हलीमाला काही समजेना. एक दिवस तिनं आमच्या बाकड्यावर बसूनच नीलाबाईला फैलावर घेतलं. तू चोरून गोड खाऊन राहिली, माझ्याशी खोटं बोलून राहिली, मग मी कशाला पाय झिजवू, असं बरंच काही. नीलाबाईनं मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. कुणाचं अर्धं वाक्य न ऐकणारी बाई! मी गाळणी धूत होतो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्या दोघींच्यात फट पडली होती.

त्यानंतर ती दोनदा चालायला गेली नाही. मग आठवडाभर गेली नाही. साखरेमुळं की हलीमाचं बोलणं मनाला लागलं म्हणून, मला सांगता येत नाही. दुपारची भिंतीकडं तोंड करून पडू लागली. मी फणी घेऊन गेलो तर या वेळी तिनं ती काढून घेतली नाही, डोकं माझ्याकडं केलं. मी वेणी घातली. घालता घालता माझ्या तोंडातून शीळ निघाली आणि मी दचकलो. बायको परत आजारी पडते आहे आणि मी खुशीत आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. तरीही चारचा चहा मी दोन चमचे टाकूनच केला.

पहिल्या महिन्याच्या फेरीत सगळं सुधारलेलं होतं; त्यानंतर तीन महिन्यांनी परत हिंगोलीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. साखर उतरायला हवी होती, ती होती तिथंच होती. मनाचे प्रश्न विचारले, त्यातही मागच्या वेळची सुधारणा घसरलेली. त्या म्हणाल्या की एवढं पथ्य पाळून, एवढं चालून असं होत असेल तर नवी गोळीच साखर वाढवत असावी. ती बंद करून दुसरी सुरू करावी लागेल आणि दुसरी लागू पडेल की नाही ते दोन महिने थांबून कळेल. साखरेसाठी कदाचित इंजेक्शनही.

नीलाबाईनं टेबलावरची गोळ्यांची पिशवी मांडीवर ओढून घेतली. त्या एका गोळीनं तिला अंथरुणातून उठवलं होतं. आधीच्या तीन गोळ्यांनी काय झालं, ते तिनं भिंतीकडं तोंड करून भोगलं होतं.

"खाण्यात काही बदल झालाय का?" बाईंनी विचारलं.

नीलाबाईनं माझ्याकडं बघितलं नाही. "गोळीचा दोष न्हाई, बाई," ती म्हणाली. "मीच चोरून गोड खाऊन राहिले."

मी तिच्यासोबत चोवीस तास असतो. तिनं कणभर गोड खाल्लेलं नव्हतं. तिला ठाऊक होतं, आणि गोळी वाचावी, मीही वाचावं म्हणून तिनं दोष अंगावर घेतला. बाई तिला समजावू लागल्या, जरा कडकपणे, की तुम्हालाच बरं व्हायचं नसेल तर आम्ही काय करणार. मी गप्प बसलो असतो तर सगळं निभावून गेलं असतं. गोळी राहिली असती, मी देव राहिलो असतो. पण माझ्या बायकोला बरं व्हायचं नाही हे वाक्य मला ऐकवेना.

"तिनं काही खाल्लं न्हाई," मी म्हटलं. "साखर मी टाकतो. चहात. सहा आठवडे झाले."

बाईंनी का म्हणून विचारलं. मी टेबलावरचा रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला. त्यांनी लिहायला घेतलेला कागद फाडला, गोळी तीच ठेवली आणि महिन्यानं यायला सांगितलं. वर म्हणाल्या की यापुढं तुमच्याशीही मला दहा मिनिटं वेगळं बोलायचं आहे.

बसस्टँडवर वाशीमच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकड्यावर बसलो. ती आमच्या बोलीत बोलली, इथं मराठीत सांगतो. मी विचारलं, तुला कधी कळलं?

"पहिल्याच घोटाला."

"मग पिली काहून?"

"मी पडून होते तवा तुमी लई खूश होते," ती म्हणाली. "मी पडल्या पडल्या बघत होते. मी उठले आन् तुमचं तोंड उतरलं. मला वाटलं, एवढ्या च्यानं तुमचं भागत असंल तर भागू दे. पन गोळी बंद करतो म्हनल्या तवा भ्या वाटलं. मला त्या भिंतीकडं परत न्हाई जायचं. तुमच्यासाठी बी न्हाई."

गाडी लागली तेव्हा उठता उठता तिनं एवढंच सांगितलं की हलीमानं माझ्यावर चोरून खाल्ल्याचा आळ घेतला, तो मी सोसला, आता तिला तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं.

नाक्यावर उतरलो आणि मी रस्ता ओलांडला. अजीज ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता, हलीमा दारात तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, जळफळाटासकट. अजीजनं ट्यूबवरची मान वर केली नाही, भला माणूस. हलीमा शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं आणि रडली. नीलाबाईला बोलली होती म्हणून रडली, माझ्यामुळं नव्हे. मग डोळे पुसून म्हणाली, "प्रेमदासभाऊ, उद्यापासनं तिचा च्या माझ्याकडं."

या गोष्टीला सात महिने झाले. साखर आता एकशे पंधराच्या आसपास असते. मनाची गोळी बाईंनी चालूच ठेवली आहे, घाईनं बंद करायची नाही म्हणाल्या. वाईट दिवस अजून येतात, पण येऊन जातात. गेल्या महिन्यापासून नीलाबाई संध्याकाळी दोन तास कढईपुढं उभी राहते, आणि माझ्या हातचे भजे खाऊन वैतागलेले ड्रायव्हर तिच्यासाठी थांबतात. माझ्याशी बोलते, हिशेबी का होईना, बोलते. डॉक्टरीणबाई मला दर वेळी विचारतात की आता कसं वाटतं. मी म्हणतो, जळतं. त्या लिहून घेतात.

सकाळी फिरून आल्या की दोघी पंक्चरच्या दुकानासमोर खुर्च्या टाकून चहा पितात. मी रस्त्याच्या या बाजूनं बघतो. माझ्या चहासाठी वाशीमपासून ट्रक न थांबता येतात आणि माझी बायको समोर बसून दुसरीचा चहा पिते. चार दिवसांपूर्वी राहवेना म्हणून मी तिकडं गेलो आणि हलीमाला अर्धा कप मागितला. पांचट चहा. दूध कमी, पत्ती जळलेली, साखरेचा तर प्रश्नच नाही. असला चहा मी कुणाला फुकट दिला नसता. मी तोंड वाकडं करणार तेवढ्यात नीलाबाईनं आपला कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, हलीमापुढं धरला आणि म्हणाली, अजून थोडा दे.

सव्वीस वर्षांत माझ्याकडं तिनं कधी मागितला नव्हता. मागायच्या आधीच मी देत आलो होतो.